सिम्युलेटरमध्ये विमान जमिनीवर वाकडं का पळतं?

हवेत शहाण्यासारखं उडणारं विमान जमिनीवर मात्र अजिबात ऐकत नाही, ही घरी फ्लाइट सिम्युलेटर वापरणाऱ्या बहुतेक नवशिक्यांची तक्रार असते. जॉयस्टिक डावीकडे झुकवली तरी विमान सरळच जातं. मग घाबरून आणखी जोरात झुकवायची, थ्रॉटल वाढवायचा आणि विमान थेट गवतात! कंटाळून काहीजण जमिनीचा नादच सोडतात आणि दरवेळी हवेतूनच सुरुवात करतात.

यात दोष कॉम्प्युटरचा नाही आणि तुमच्या हातांचाही नाही. विमान जमिनीवर वळवायची रीतच मोटारीपेक्षा वेगळी आहे. ती एकदा समजली की अर्धी अडचण तिथेच संपते.

हातांनी नाही, पायांनी

मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं. विमानाची चाकं मात्र नुसती घरंगळतात. विमान पुढे जातं ते पंख्याच्या किंवा जेट इंजिनाच्या जोरावर. जॉयस्टिक डावी-उजवीकडे झुकवली की पंखांवरच्या झडपा हलतात. त्या हवेत विमान कलवतात, पण जमिनीवर चाक वळवत नाहीत.

जमिनीवर वळायचं ते पायाखालच्या दोन पेडल्सनी. उजवं पेडल दाबलं की विमान उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. हीच पेडल्स शेपटीवरचं उभं सुकाणू, म्हणजे रडरही हलवतात. पेडलच्या वरच्या भागावर पायाच्या बोटांनी जोर दिला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो.

सेस्ना १७२ हे शिकाऊ वैमानिकांचं आवडतं विमान. त्याचं पुढचं चाक पेडलने दोन्ही बाजूंना सुमारे १० अंश वळतं. एका बाजूचा ब्रेक सोबत दाबला तर ३० अंशांपर्यंत. म्हणजे अरुंद जागेत वळायचं असेल तर पेडल आणि ब्रेक दोन्ही लागतात.

मोठ्या विमानात दोन वेगळी स्टिअरिंग

बोइंग ७३७ मध्ये पेडलने पुढचं चाक जेमतेम ७ अंश वळतं. पण कॅप्टनच्या डाव्या हाताशी एक छोटं चाक असतं, त्याला टिलर म्हणतात. त्याने तेच चाक ७८ अंशांपर्यंत वळतं. एअरबस ए३२० मध्ये हे आकडे ६ आणि ७५ आहेत.

इतका फरक का? कारण कामं दोन आहेत. पार्किंगच्या जागेत सावकाश शिरताना मोठं वळण हवं, तिथे टिलर. धावपट्टीवर सुसाट पळताना विमान फक्त सरळ ठेवायचं असतं, तिथे पेडल. त्या वेगात चाक ७० अंश वळलं तर विमान घसरेल. शिवाय वेग वाढला की रडरवर हवेचा जोर येतो आणि सरळ ठेवायचं काम हळूहळू तेच करू लागतं.

घरी गोंधळ कुठे होतो?

घरी बहुतेकांकडे एकच जॉयस्टिक किंवा नुसता कीबोर्ड असतो. सावकाश वळायचं आणि वेगात सरळ राहायचं, ही दोन्ही कामं एकाच नियंत्रणावर येतात. म्हणून काही गोष्टी आधीच बघून घ्या:

• जॉयस्टिकची दांडी स्वतःभोवती पिळता येत असेल, तर ते पिळणं रडरला जोडा. सुरुवातीला संवेदनशीलता कमी ठेवा.

• कीबोर्ड असेल, तर फुकट मिळणाऱ्या फ्लाइटगिअरमध्ये नंबर पॅडवरची ० ही कळ रडर डावीकडे नेते आणि एंटर उजवीकडे. कळ सोडली तरी रडर तिथेच राहतं! ५ दाबून ते मध्यावर आणावं लागतं. विमान नागमोडी पळण्याचं हे एक मोठं कारण.

• डाव्या चाकाच्या ब्रेकसाठी तिथे स्वल्पविरामाची कळ आहे, उजव्यासाठी पूर्णविरामाची.

• जॉयस्टिक झुकवली की रडर आपोआप हलवणारी सोय बऱ्याच सिम्युलेटर्समध्ये असते. त्यामुळे जमिनीवरही जॉयस्टिकने वळता येतं. सोपं वाटतं, पण सवय चुकीची लागते. पुढे खरं विमान शिकायचा विचार असेल तर ही सोय बंदच ठेवा.

आणखी एक गंमत. डायमंड डीए४० किंवा सिरस एसआर२२ यांचं पुढचं चाक पेडलला जोडलेलंच नसतं. ते सामानाच्या ट्रॉलीच्या चाकासारखं मोकळं फिरतं. कमी वेगात ही विमानं एका बाजूचा ब्रेक दाबूनच वळतात. तेव्हा रडर देऊनही विमान वळलं नाही, तर तो बिघाड समजू नका.

वेग, पंखा आणि वारा

गवतात जाण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे जास्त वेग. छोटं विमान झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यावं. प्रवासी जेट सरळ रस्त्यावर साधारण २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, आणि काटकोनी वळणावर १० नॉटच्या आसपास. वेग वाढला तर आधी थ्रॉटल मागे घ्या, मग ब्रेक दाबा.

एका पंख्याच्या विमानात पूर्ण थ्रॉटल दिला की नाक डावीकडे ओढतं. सेस्नाचा पंखा वैमानिकाकडून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याचा पिळदार झोत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळतो, शेपटी उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे वळतं. म्हणून उड्डाणाच्या वेळी उजवं पेडल थोडं दाबून ठेवावं लागतं.

वारा आडवा असेल तर विमान छपरावरच्या वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहतं. पंखा बाजूला ओढत नसेल आणि तरी नाक सारखं एकीकडे जात असेल, तर सिम्युलेटरमधला वारा एकदा तपासा.

सराव कसा करायचा?

वारा शून्यावर ठेवा, सेस्ना १७२ निवडा आणि टॅक्सीवेच्या मधल्या पिवळ्या रेघेवरून सावकाश चला. नजर नाकासमोर नको, लांब ठेवा. छोटा रडर द्या, विमान वळू लागलं की लगेच मध्यावर आणा. हे जमलं की मग वारा वाढवा.

त्यानंतर मोठं जेट घ्या. त्यात वैमानिक पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो आणि मागची चाकं वळणावर आतून जातात. त्यामुळे वळण आलं की लगेच वळायचं नाही. थोडं पुढे जाऊन मग वळायचं. एसटी किंवा लांब ट्रक चौकात कसा वळतो ते आठवा. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, भोवती टॅक्सीवेंचं जाळं आहे. टर्मिनलपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत रेघ न सोडता पोचलात, की उड्डाणासाठी तुमचे पाय तयार झाले समजा.