मातामृत्यू आणि तीन विलंब
गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी निगडित कारणाने स्त्री दगावल्यास त्यास मातामृत्यू म्हणतात, आणि दर एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू झाले यावरून त्याचे गुणोत्तर मांडले जाते. २०१८-२० या काळात ते भारतात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. मात्र ही सरासरी मेळघाटातील कोरकू किंवा सातपुड्यातील भिल्ल, पावरा स्त्रियांची स्थिती झाकून टाकते. अतिरक्तस्राव, उच्च रक्तदाब, जंतुसंसर्ग ही कारणे सर्वत्र तीच. परंतु रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, असलेल्या स्त्रीच्या जिवावर इतरांना सोसवेल एवढा रक्तस्रावही बेततो. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये अशा मृत्यूंमागचे तीन विलंब सांगितले: दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यातला, तिथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. दोष बहुधा पहिल्यावर, म्हणजे कुटुंबाच्या ‘अज्ञाना’वर, टाकला जातो, आणि ते सोयीचेही असते, पण नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरून बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणलेल्या बाळंतिणीला ग्रामीण रुग्णालयात रक्तच मिळाले नाही, तर पुढचे शहर गाठण्याइतका वेळ तिच्यापाशी उरत नाही, कारण प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात मृत्यू दोन-तीन तासांतही ओढवू शकतो.