घरातील पिसवा आणि गृहस्थाची यतना

चातुर्मासात जमिनीला ओल धरते, अंथरुणे दमट राहतात आणि ज्या घरात मांजर किंवा कुत्रा आहे तेथे पिसवांचा उपद्रव वाढतो. पायांच्या घोट्यांभोवती खाजऱ्या, लाल गांधी उठू लागल्या की फवारणीचा विचार मनात येतो. अहिंसाव्रत पाळणाऱ्या कुटुंबाची मग कुचंबणा होते. औषध फवारावे तर जीवहत्या, न फवारावे तर लहान मुलांना त्रास. यातून वाट काढायची तर या जीवाची उत्पत्ती कशी होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण उपद्रवाचा अल्प अंश असतो. रक्त प्यायल्यानंतर मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने जनावर झोपते तेथेच गळून पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळून फटींत, सतरंजीखाली दडतात. त्यांना दमटपणा लागतो. कोरड्या हवेत त्या वाढत नाहीत. पुढे त्या कोश विणतात. कोशातील पिसू ऊब किंवा पावलांची हालचाल जाणवेपर्यंत कित्येक आठवडे थांबू शकते. म्हणूनच बंद घर उघडताच पिसवा एकाएकी चावू लागतात. कोशाच्या आत फवारणी सहसा पोहोचत नाही. त्यामुळे ती पुन्हा करावी लागते आणि हिंसाही पुन्हा घडते.

गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. आरंभी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, परंतु यतनेने ती कमी करता येते. येथे यतना म्हणजे उत्पत्तीलाच वाव न देणे. उपद्रव सुरू होण्यापूर्वीच जनावराची झोपण्याची जागा ठरवावी व त्याचे अंथरूण वरचेवर धुवावे. कानेकोपरे आणि फटी रोज मऊ केरसुणीने झाडाव्यात, कारण अंडी फुटायला साधारण दोन दिवस ते दीड आठवडा लागतो. निघालेला केर जाळू नये किंवा पाण्यात टाकू नये. माणसांचा व जनावरांचा वावर नसलेल्या सावलीच्या जागी सोडावा. खोल्यांत वारा खेळता ठेवावा. जनावराचे केस बारीक दातांच्या फणीने नियमित विंचरावेत.

उंदरांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. या रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे त्यानंतर उमगले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आश्रय शोधतात. म्हणून विष घालण्यापेक्षा बिळे बुजवणे व धान्य झाकून ठेवणे हे दया आणि आरोग्य या दोन्ही दृष्टींनी श्रेयस्कर आहे. बीळ बुजवण्यापूर्वी आत जीव नाही, याची खात्री मात्र करावी.

इतके करूनही उपद्रव बळावला तर पशुवैद्याकडे जाण्यास संकोचू नये. पिसवा फार झाल्यास लहान पिल्ले रक्तक्षयाने दगावतात, आणि आश्रित जीवाचे रक्षण हेही आपले कर्तव्य आहे. कुत्र्यांसाठीची काही औषधे मांजराला प्राणघातक ठरतात, त्यामुळे मनाने उपचार करू नयेत. वैतागून जनावराला रस्त्यावर सोडणे तर सर्वथा अनुचित. त्याने घरातील कोश नाहीसे होत नाहीत. एक मुका जीव मात्र निराधार होतो. उपचारात जी हिंसा अटळ ठरेल तिची प्रतिक्रमणात आलोचना करावी आणि दुसऱ्या दिवशी केरसुणी अधिक सावधपणे हाती घ्यावी.