धुऱ्यावरचा अनोळखी पक्षी

यवतमाळ जिल्ह्यात पांदणीने फिरताना एखादा पक्षी ओळखू येत नाही, तेव्हा तो दुर्मीळ असण्याची शक्यता फार कमी असते. बहुधा तो रोजच्याच एखाद्या जातीची मादी, नाहीतर पिल्लू, नाहीतर विणीचा हंगाम उलटलेला नर निघतो. जांभळा शिंजीर उन्हाळ्यात काळाजांभळा झळकतो. पावसाळा सरला की तोच नर मादीसारखा पिवळट होतो आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. कोकिळाची मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके घेऊन बसते, तिला कोकीळ म्हणायला कोणी सहज धजत नाही. नीलपंख तारेवर बसलेला असताना मातकट दिसतो आणि झेप घेताच पंख निळेभोर उलगडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दोन वेगळे पक्षी वाटतात. म्हणून रंगावरून सुरुवात करू नये.

आधी आकारमान पाहावे, तेही ओळखीच्या पक्ष्याशी ताडून: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, कावळ्याहून मोठा. सालिम अलींच्या १९४१ साली निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकातही हीच मापे वापरलेली आहेत, कारण सेंटिमीटर कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. मग चोच, पाय आणि शेपूट. त्यानंतर पक्षी करतो काय, हे पाहावे. पऱ्हाटीच्या वावरावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा शिकारी पक्षी कापशी असू शकतो किंवा हिवाळ्यात येणारी खरूची. कापशी राखट पांढरी, खांदे काळे, डोळे लाल. खरूचीची पाठ विटकरी आणि शेपूट लांब, टोकाला काळा पट्टा असलेली. तिथेच पिकावरून अगदी खालून, पंख वर उचलून तरंगत जाणारा पक्षी मात्र भोवत्या असतो. अंतर बरेच असले, रंग कळत नसला तरी एवढे उडण्यावरूनच सांगता येते.

जिल्ह्यातल्या मुरमाड पडीत रानांत हा अभ्यास चांगला होतो. तिथे जमिनीवर धावणारे तीन-चार पक्षी एकमेकांत मिसळून जातात. टिटवी सगळ्यांना ठाऊक आहे. डोके, गळा आणि छाती काळी, डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी, पाय लांब आणि पिवळे, आणि माणूस दिसताच आरडाओरडा. ती सहसा पाण्याच्या आसपास असते. कोरड्या माळावर जी थोडी लहान, वाळूच्या रंगाची आणि शांत टिटवी दिसते, तिची पट्टी पिवळी असते. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीच्या काठाने पांढरी कड. ही माळटिटवी. तिसरा पक्षी याच मापाचा, पण पट्टी नाही. माथा तांबूस, वर पांढरी भुवई, तिच्याखाली डोळ्यातून जाणारी काळी रेघ, छाती विटकरी, पाय चुन्यासारखे पांढरे. चोच किंचित खाली वाकलेली. तो भरभर धावतो, एकदम थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो. हा धाविक. नांगरलेल्या ढेकळांत तो थांबला की समोर असूनही दिसत नाही. आणि झुडपाखाली दिवसभर गप्प उभा, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा, अंगभर रेघोट्यांचा करवानक संध्याकाळ झाल्याशिवाय हालतच नाही. चौघांची जागा एक, पण पायांचा आणि डोळ्यांभोवतीचा भाग नीट पाहिला तर गोंधळ उरत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो पावशा. मृगाच्या आगेमागे त्याची चढत जाणारी हाक विदर्भातल्या शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकू येते. आवाज सर्वांच्या परिचयाचा, पक्षी मात्र कोणी पाहिलेला नसतो. दिसला तरी लोक त्याला शिक्रा हा शिकारी पक्षी समजतात. राखी पाठ, छातीवर आडवे तांबूस पट्टे, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढबही तीच. लहान पक्षीदेखील फसतात आणि त्याच्यामागे कलकलाट करत लागतात. उलगडा चोचीत आहे. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी, पावशाची सडपातळ. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते आणि फांदीवर टेकताच तो शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. पावशा अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. त्यामुळे पावसाळ्यात सातभाईंच्या थव्यामागे चारा मागत फिरणारे रेघाळ छातीचे पिल्लू दिसले, तर ते शिक्र्याचे नव्हे. हिवाळ्यात पावशा मुका होतो आणि त्याची ओळख आणखी अवघड होते.

आवाजावर विसंबतानाही जपून. शिक्र्याची शीळ ऐकू आली म्हणजे शिक्राच आहे असे नाही. कोतवाल ती हुबेहूब काढतो. टिपेश्वरच्या सागवानी जंगलात भृंगराज तर इतर पक्ष्यांच्या नकला लागोपाठ ऐकवतो. मोबाइलवरचे मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मोफत ॲप आवाज आणि फोटो दोन्हींवरून नाव सुचवते. ते उपयोगी आहे, पण सुचवलेले नाव त्या तारखेला, त्या भागात शक्य आहे का, हे पाहणाऱ्याने तपासायचे असते. भोवत्या, धोबी, खरूची साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पळस फुलला की त्यावर भोरड्यांचे थवे पडतात. त्यात गुलाबी-काळ्या प्रौढांबरोबर फिकट मातकट तरुण पक्षी असतात आणि तेच अनोळखी वाटतात. नवरंग मात्र पावसाच्या तोंडावर येतो. जुलैत खरूची दिसल्याची नोंद असेल तर आधी नोंदीवरच शंका घ्यावी.

चुकीची नोंद किती महागात पडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ साली केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. रिचर्ड माइनर्त्सहागेन या संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेत एक नमुना मिळवल्याचा दावा केला होता. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासले तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि बनावट चिठ्ठी लावलेला जुनाच निघाला. रानपिंगळ्याचे म्हणून दाखवले गेलेले छायाचित्रही साध्या पिंगळ्याचे ठरले. खोटे ठिकाण बाजूला सारून शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. पुढे मेळघाटातही सापडला. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. तो दिवसाही राजरोस शिकार करतो.

नोंद करायची तर तारीख, वेळ, ठिकाण, पीक किंवा झाड, आकारमान आणि वागणे हे पक्षी समोर असतानाच लिहावे. पुस्तक उघडण्याआधी लिहावे, कारण चित्र पाहिल्यावर आठवण चित्राप्रमाणे बदलते. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’मुळे मराठी नावे लावणे सोपे झाले आहे. गावातल्या गुराख्याला विचारले तर बोलीतले नाव मिळते आणि बऱ्याचदा घरट्याची जागाही. तिथे गर्दी करू नये. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, ती गोट्यांत बेमालूम मिसळतात आणि पायाखाली येतात.

काही पक्षी तरीही हाती लागत नाहीत. गवतात पळणाऱ्या तिरचिमण्या सगळ्या मातकट, सगळ्या रेघाळ. त्यांच्या जाती मागच्या नखाच्या लांबीवरून आणि उडतानाच्या एकाक्षरी आवाजावरून वेगळ्या करतात, आणि जाणत्यांनाही ते नेहमी जमते असे नाही. तिथे वहीत ‘तिरचिमणी, जात अनिश्चित’ एवढेच लिहितात. ईबर्डसारख्या नोंदसंचातही अशा नोंदीची वेगळी सोय ठेवलेली आहे.