चेन-स्प्रॉकेट बदलताना

मोटारसायकलची चेन ताण बसून लांबत नाही, ती झिजून लांबते. प्रत्येक सांध्यात एक पोलादी पिन बुशच्या आत फिरत असते. धूळ, पाणी आणि वंगणाची हयगय यांमुळे दोन्ही थोडी थोडी खाल्ली जातात, आणि शंभरावर सांध्यांतली ती झीज मिळून चेन बोटभर ढिली पडते. मग सांध्यांमधले अंतर आणि स्प्रॉकेटच्या दात्यांमधले अंतर जुळेनासे होते. चेन दात्यांच्या मुळाशी न बसता वर चढते, दाते एका अंगाने खाल्ले जाऊन आकड्यासारखे वाकतात, गाडी खडखडते. चेन आवळली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा लोंबते.

बदलायची वेळ आली का, हे पाहायला गॅरेज लागत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून बाहेर ओढावी; दाता निम्म्याहून जास्त उघडा पडला तर ती संपली. मोजूनच खात्री करायची तर चेन ताणून धरून वीस कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत घ्यावी. अर्ध्या इंचाच्या नव्या चेनमध्ये ती 254 मिलिमीटर भरते. 259 च्या आसपास गेली, म्हणजे दोन टक्के वाढली, की साधारणपणे चेन बाद समजतात. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. चाक फिरवताना चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर मापाचीही गरज नाही.

बदलताना चेन, पुढचे स्प्रॉकेट आणि मागचे स्प्रॉकेट हे तिन्ही एकदम बदलावेत. ‘दाते अजून चालतील, फक्त चेन टाका’ हा सल्ला स्वस्त वाटतो, पण वाकलेले दाते नवी चेन फार लवकर खातात. पुढचे स्प्रॉकेट लहान असल्याने मागच्याच्या एका फेऱ्यात ते तीनेक फेरे मारते, म्हणून त्याची झीजही आधी होते. ते झाकणाखाली असल्यामुळे तपासायचेच राहून जाते.

चेन निवडताना पहिला प्रश्न मापाचा. 428, 520 हे आकडे पत्तीवर ठोकलेले असतात. पहिला अंक सांध्यांमधले अंतर इंचाच्या आठव्या भागात सांगतो: 4 म्हणजे अर्धा इंच, 5 म्हणजे 5/8 इंच. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे. (428 ला रुंदीचा हा हिशेब काटेकोर लागू होत नाही, तिची आतली रुंदी सुमारे 8 मिलिमीटर असते.) आपल्याकडच्या 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 लागते, ताकदवान गाड्यांत 520 भेटते. 520, 525 आणि 530 यांचे अंतर एकच, पण रुंदी वेगळी, त्यामुळे एकीचे स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही. आकड्यापुढे ‘एच’ असेल तर पत्त्या जाड असतात. ती चेन त्याच मापाच्या दात्यांवर बसते. फक्त चेनकव्हरला घासत नाही ना, एवढे पाहावे लागते.

यानंतर कड्यांची आणि दात्यांची संख्या. एकाच नावाच्या गाडीचे दाते वर्षागणिक बदललेले असू शकतात. बीएस-4 आणि बीएस-6 गाडीचे किट एकच असेल हे गृहीत धरू नये. किट मागताना गाडीचे वर्ष सांगावे आणि जुन्या स्प्रॉकेटचे दाते मोजून ताडून पाहावेत.

दाते कमीजास्त करून पिकअप किंवा टॉप वाढवण्याची हौस अनेकांना असते. गणित सोपे आहे. पुढे 14 आणि मागे 42 दाते असतील तर गुणोत्तर 3. पुढचा एक दाता कमी केला की ते 3.23 होते, म्हणजे मागे तीन दाते वाढवल्याइतका फरक पडतो. गाडी चढावर हलकी ओढते, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे आठ टक्के जास्त फिरते आणि ॲव्हरेज घटण्याची शक्यता वाढते. लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त वळावे लागते, म्हणून तीही लवकर झिजते. ज्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेतो, तिथे काटाही चुकीचा वेग दाखवू लागतो. घाटात रोज ओझे वाहणाऱ्यासाठी हा बदल समजण्यासारखा आहे. बाकीच्यांनी कंपनीचेच दाते ठेवावेत.

ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस रबरी कड्यांनी कोंडलेले असते, त्यामुळे ती उघड्यावर, चिखलातही बराच काळ टिकते. एक्स-रिंग ही तिचीच कमी घर्षणाची सुधारणा. गाडीला मुळात अशी चेन असेल तर पैसे वाचवायला साधी टाकणे तोट्याचे. उलट, पूर्ण चेनकव्हर असलेल्या कम्युटर गाडीला साधी चेन पुरते; कोकणातल्या पावसातही कव्हर तिला बरेच सांभाळते. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नये आणि तारेच्या ब्रशने घासू नये, रबर खराब होते.

रोलॉन, डायमंड, रॉकमन ही नावे भारतीय बाजारात रुळलेली आहेत. नावाइतकेच महत्त्वाचे म्हणजे पत्तीवरचा ठसा, पाकिटावरचे माप आणि हातातला माल एकमेकांशी जुळणे. हलक्या ॲल्युमिनियमचे मागचे स्प्रॉकेट शर्यतीत शोभते. रोजच्या वापराला पोलादीच घ्यावे.

किट बसवताना हबमधले रबरही पाहून घ्यावेत. ते दबलेले असतील तर नव्या चेनलाही झटके बसतात. चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवे. चेन सर्वांत घट्ट लागते त्या जागी, पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी सैल ठेवावी. जास्त आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते. नवी चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून तेवढे अंतर झाल्यावर ढिलाई एकदा पुन्हा तपासून घ्यावी.