रस्त्यात भेटलेले वाफेचे इंजिन कसे पाहावे

दार्जिलिंगच्या हिल कार्ट रोडवरून जीपने जाताना वळणापलीकडून कर्कश शिट्टी येते आणि दुकानांना जवळजवळ खेटून वाफेचे छोटेसे इंजिन समोर येते. रूळ माथेरानच्या गाडीसारखेच, दोन फुटी. ही लाइन १८८१ची आणि या इंजिनांच्या 'बी' वर्गाची बांधणी सुरू झाली १८८९मध्ये. गाडी समोरून जायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे काय पाहायचे ते आधी माहीत असलेले बरे.

आपल्याला इंजिन दिसते त्याच्या कित्येक तास आधी त्याची भट्टी पेटलेली असते. थंड बॉयलर, म्हणजे पाणी उकळण्याची बंद टाकी, घाईने तापवला तर धातू असमान प्रसरण पावतो आणि सांधे गळू लागतात.

फायरमनची एक नजर कायम काचेच्या नळीवर असते. बॉयलरमध्ये पाणी किती, ते ती दाखवते. चढ-उतारावर पाणी पुढे-मागे सरकते आणि नळीतली पातळी फसवी ठरू शकते. भट्टीचे छत पाण्याबाहेर उघडे पडणे हा सर्वांत मोठा धोका. म्हणून छतात लवकर वितळणारे बूच बसवतात. ते वितळले की वाफ भट्टीत शिरते आणि धोक्याची सूचना मिळते.

गाडी सुटताना चाकांपाशी वाफेचे फवारे उडतात. पुष्कळांना वाटते, इंजिन गळते आहे. खरे तर ड्रायव्हरने सिलिंडरच्या तोट्या मुद्दाम उघडलेल्या असतात. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे ते आत राहिले तर दट्ट्याच्या धक्क्याने सिलिंडरचे झाकणच फुटू शकते.

मग वाफ दट्ट्याला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ढकलते आणि दांड्यांमार्फत चाक फिरते. सिलिंडर दोन, म्हणून चाकाच्या एका फेरीत चार 'छुक्' ऐकू येतात. गाडी सावकाश चढत असेल तर मोजून पाहा. वापरलेली वाफ धुराड्यातून सुटताना भट्टीतून हवा ओढून घेते, म्हणजे इंजिन जितके राबेल तितका विस्तव फुलतो. मला या यंत्रातली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते.

काळा धूर फोटोत शोभतो, पण तो न जळलेला कोळसा असतो. एकदम जास्त कोळसा टाकला किंवा हवा कमी पडली की तो निघतो. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा पसरत राहतो.

चढावर ओल्या रुळावर चाके जागीच गरगरतात. त्यासाठी इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसलेली माणसे हाताने रुळावर वाळू टाकतात. हे दृश्य चुकवू नका.

काही गाड्यांना डिझेल इंजिन लागते. तेव्हा दार्जिलिंग ते घूम फेरीचे तिकीट काढताना वाफेची गाडी आहे ना, हे विचारून घ्या. आणि फोटोसाठी रुळांवर उभे राहू नका. उतारावर गाडी चटकन थांबत नाही.