गुडघ्यातले इंजेक्शन : भरवसा किती ठेवावा?



गुडघ्यातली कूर्चा झिजली की सांधा ठणकतो. मग तोडणीच्या घाईत ‘एक सुई मारा नि मोकळे व्हा’ असे वाटते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने ठणका उतरतो खरा, पण गुण बहुधा काही आठवडेच टिकतो; झिजलेली कूर्चा भरून येत नाही. उलट, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दर १२ आठवड्यांनी दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा, नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली; दुखण्यात मात्र फरक दिसला नाही.

मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. काही दिवस साखर चढते. टोचल्यावर ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला, तर तडक दवाखाना गाठा. आराम पडलेल्या दिवसांत मांडीचा व्यायाम करा, वजन उतरवा. वरचेवर सुई नको.