आवाज गेला, आजार राहिला

१९९६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. भल्या सकाळी आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. टाकीवर सहा वर्षांचा मुलगा, मागे सौ. आणि तिच्या मांडीवर आंब्यांची पिशवी. गाडी शंभर सीसीची, चार स्ट्रोकची, हप्त्यांवर घेतलेली. घरातलं चौथं माणूसच म्हणा ना!

खंबाटकीचा घाट निम्मा चढून झाला होता. पुढे ट्रक आला म्हणून ॲक्सिलरेटर सोडला, तिसऱ्यावरून दुसरा गियर टाकला आणि इंजिनात 'खाट्' असा आवाज झाला. गाडी बंद! मागून येणारी एस.टी. कर्कश हॉर्न देत आमच्या अंगाला वारा लावून गेली. मुलाला छातीशी धरून कठड्याला टेकलेली सौ. एवढंच म्हणाली, "अहो, महिन्यापूर्वीच दुरुस्त केली होती ना?"

केली होती. म्हणजे मी तरी तसंच समजत होतो.

झालं होतं असं, की गाडी उभी असताना इंजिनाच्या डाव्या बाजूने खडखड ऐकू यायला लागली होती. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "टायमिंग चेन सैल झाली, साहेब. चेन, रोलर, टेन्शनर सगळं बदलायला हवं." खर्च विचारला. सामान आणि मजुरी मिळून साडेतीनशे. महिनाअखेर होती. मीच म्हणालो, "सध्या काहीतरी जमवून द्या." त्याने खालचा बोल्ट उघडला, टेन्शनरची स्प्रिंग काढून हाताने ओढून लांब केली, तिच्याखाली एक वायसर टाकला. दहा रुपयांत खडखड बंद! मी खूश. घरी येऊन स्वतःच्या व्यवहारज्ञानाचं कौतुकही करून घेतलं.

घाटातून गाडी टेम्पोत घालून परत आणली. या वेळी एका म्हाताऱ्या फिटरकडे गेलो. त्यांनी हेड उघडलं आणि मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. खालचा क्रँक दोन फेरे फिरला की वरचा कॅम एक फेरा फिरतो. दोघांना जोडणारी ती चेन. क्रँक मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्हने बाजूला व्हायचं, हा त्यांचा करार. तो पाळला जातो चेनच्या जोरावर.

चेन वापराने झिजते. तिच्या पिना झिजतात आणि ती लांब होते. तो सैलपणा टेन्शनर भरून काढतो. पण त्यालाही मर्यादा असते. ती संपली की खडखड सुरू होते. "ती खडखड म्हणजे इंजिनाची हाक होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत," फिटर म्हणाले.

वायसरमुळे ताण आधी गरजेपेक्षा जास्त झाला. आवाज थांबला, पण जास्तीच्या दाबाने रबरी रोलर कुरतडला गेला. त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत सापडला. जाळी तुंबली की वर ऑइल कमी पोचतं आणि कॅम कोरडा घासतो. दुसरीकडे, ओढून लांब केलेली स्प्रिंग गरम ऑइलात हळूहळू बसली. चेन पुन्हा सैल पडली. घाटात एकदम ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिला झोल आला, ती दात सोडून सरकली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकला. पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढा चंद्र उमटला होता. बिल झालं सोळाशे रुपये!

मी जुन्या मेकॅनिकवर भडकलो होतो. फिटर शांतपणे म्हणाले, "त्याने आधी तुम्हाला खरं सांगितलं होतं की नाही?" मी गप्प बसलो. स्वस्तातला इलाज मागणारं गिऱ्हाईक असलं, की तो देणारा हात सापडतोच.

आजच्या गाड्या बदलल्या. पण बहुतेकांच्या पोटात ही चेन आणि टेन्शनर आहेतच. काही जण आपोआप ताण घेणारा टेन्शनर काढून त्या जागी साधा बोल्ट बसवतात. तो अंदाजाने आवळला की चेन आणि गाइड झिजतात; सैल राहिला की दात सुटायची भीती. शिवाय तो वेळोवेळी तपासायची आठवण कुणाला राहते? म्हणून खडखड ऐकू आली तर आधी ऑइलची पातळी पाहावी. चेन झिजली असेल तर रोलर, गाइड, टेन्शनर सगळंच तपासून, झिजलेलं एकदम बदलावं. आणि इंजिन सुरू करण्याआधी खुणा जुळवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवून बघायला सांगावं. अडलं तर तिथेच कळतं, घाटात नाही.

तो वाकडा व्हॉल्व्ह मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. टाकीवर बसणाऱ्या त्या मुलाची आता स्वतःची गाडी आहे. मागे एकदा तो सहज म्हणाला, "बाबा, जरा आवाज येतोय, पुढच्या महिन्यात बघू." मी काही बोललो नाही. खण उघडला आणि तो व्हॉल्व्ह त्याच्या हातावर ठेवला.